पडून राहिलेल्या बॅटरीचा इतिहास

गवत कापण्याचे, कुंपणाची झुडपे कातरण्याचे किंवा पाठीवर घेऊन फवारणी करण्याचे बॅटरीवरचे अवजार हंगाम संपला की अडगळीच्या खोलीत जाते. चार-सहा महिन्यांनी ते बाहेर काढावे, तर कळ दाबूनही हलत नाही. विळा किंवा कोयता इतके दिवस पडून राहिला तर फार तर गंजतो. घासून धार लावली की पुन्हा कामाला येतो. बॅटरीचे तसे नाही. बॅटरी म्हणजे विजेची टाकी नव्हे. तो रासायनिक पदार्थांचा संच आहे, आणि अवजार थांबले तरी त्यातल्या अभिक्रिया थांबत नाहीत. त्या कोणत्या, हे आतील पदार्थांवर ठरते. म्हणूनच 'बॅटरी कशी ठेवावी?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. इतिहासात याची तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली. ती क्रमाने पाहू.

शिसे आणि आम्ल

पुन्हा चार्ज करता येणारा पहिला विद्युतघट १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी बनवला. शिशाचे दोन पत्रे, मध्ये विभाजक, त्यांची एकत्र गुंडाळी आणि ती विरल गंधकाम्लात बुडवलेली, अशी ही साधी रचना होती. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देण्याची युक्ती काढली आणि घटाची क्षमता वाढली. आत नेमके काय घडते, याचे स्पष्टीकरण १८८२ मध्ये इंग्लंडमधील ग्लॅडस्टन आणि ट्राइब यांनी दिले. घट वापरला जात असताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते. चार्ज करताना त्याचे एका पट्टीवर शिसे आणि दुसरीवर लेड डायॉक्साइड होते.

पडून राहिलेल्या बॅटरीची गोम याच लेड सल्फेटमध्ये आहे. ते प्रथम बारीक स्फटिकांच्या रूपात असते आणि सहज विरघळते. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत राहिली, तर बारीक स्फटिक विरघळून मोठे स्फटिक वाढत जातात. मोठ्या स्फटिकांचे पृष्ठफळ कमी असल्याने चार्ज करताना त्यांची अभिक्रिया नीट होत नाही. पट्टीचा तेवढा भाग कामातून जातो. शिवाय काहीही न जोडता नुसती ठेवली तरी ही बॅटरी महिन्याला साधारण ३ ते ५ टक्के उतरते. यावरून पहिला नियम आला : शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवावी आणि अधूनमधून पुन्हा चार्ज करावी. आपल्याकडच्या अनेक फवारणी पंपांत १२ व्होल्टची अशीच बॅटरी असते. फवारणी संपताच ती न चार्ज करता कोपऱ्यात ठेवली, की पुढच्या हंगामात नवी घ्यावी लागते.

निकेल आणि कॅडमियम

हातात धरायच्या, उलट्यासुलट्या फिरवायच्या अवजाराला आम्लाने भरलेला जड घट सोयीचा नव्हता. १८९९ मध्ये स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी निकेल-कॅडमियम घट शोधला होता. १९४७ मध्ये गेओर्ग नॉयमन यांना तो पूर्ण बंदिस्त करण्यात यश आले. चार्जिंगच्या शेवटी निर्माण होणारा ऑक्सिजन आतल्या आतच शोषला जाऊ लागला. या घटांवर चालणारे पहिले बिनतारी ड्रिल अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ मध्ये बाजारात आणले आणि १९६२ मध्ये कुंपणाची झुडपे कातरण्याचे यंत्र. बॅटरी बागेत आली ती अशी.

हा घट महिन्याला १० ते २० टक्के उतरतो, पण उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्याने त्याचे फारसे बिघडत नाही. उलट रोज ठरावीक थोडाच वापर करून तो पुन्हा चार्ज केला, तर त्याला तेवढ्याच वापराची जणू सवय लागते. हा परिणाम उपग्रहांवरील बॅटऱ्यांत दिसला आणि 'स्मृती-परिणाम' म्हणून ओळखला गेला. त्यातून दुसरा सल्ला रूढ झाला : बॅटरी अधूनमधून पूर्ण उतरवावी. कॅडमियम विषारी असल्याने हे घट पुढे मागे पडले. युरोपीय संघात बिनतारी अवजारांना मिळालेली सवलतही २०१६ च्या अखेरीस संपली.

लिथियम-आयन

१९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन घट बाजारात आणला. त्यामागील संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वजनाला हलका आणि महिन्याला अवघा एक ते तीन टक्के उतरणारा हा घट आजच्या बहुतेक नव्या बिनतारी अवजारांत असतो.

पण जुने दोन्ही नियम याला मारक आहेत. पूर्ण चार्ज करून, त्यातही उष्ण जागी ठेवला, तर आतील विद्युतविलेयाचे विघटन वेगाने होते आणि क्षमता कायमची घटते. पूर्ण उतरवून ठेवला, तर विभवांतर हळूहळू किमान मर्यादेखाली जाते. मग ऋणाग्रामागील तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो. पुन्हा चार्ज करताना ते तांबे भलत्याच जागी साचते आणि आतल्या आत मंडल जुळून आग लागण्याचा धोका निर्माण होतो. तेव्हा तिसरा नियम : सुमारे अर्धी चार्ज करून, अवजारातून काढून, थंड व कोरड्या जागी ठेवावी. रासायनिक अभिक्रियेचा वेग दर १० अंश सेल्सिअसला ढोबळमानाने दुप्पट होतो. पत्र्याच्या शेडपेक्षा घरातले कपाट बरे, ते यासाठी.

हंगामापूर्वी

अवजार बाहेर काढल्यावर आधी बॅटरीवरील लेबल वाचावे. बॅटरी अवजारात असेल तर पाती पुसण्यापूर्वी ती काढावी. कवच फुगलेले, तडकलेले वा गळणारे असेल तर ती मुळीच चार्ज करू नये. संपर्कपट्ट्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात आणि तिच्यासोबत आलेल्या चार्जरनेच, देखरेखीखाली चार्ज करावे. चार्जरने लिथियम बॅटरी नाकारली, तर तिला दुसऱ्या मार्गाने वीज देण्याचा हट्ट धरू नये. तो नकार तिच्या संरक्षक मंडलाचा असू शकतो. निकामी बॅटरी कचऱ्यात न टाकता विक्रेत्याकडे किंवा संकलन केंद्रावर द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

वर्गासाठी एक सोपा उपक्रम सुचवतो. फवारणी पंपाची १२ व्होल्टची चांगली बॅटरी पूर्ण चार्ज करून काही तास ठेवावी आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली मल्टिमीटरने विभवांतर मोजावे. मोजताना दोन अग्रे एकमेकांना जोडली जाणार नाहीत, याची काळजी घ्यावी. साधारण १२.७ व्होल्ट मिळतील. मग दर आठवड्याला नोंद करून आलेख काढावा. विभवांतर १२.४ च्या खाली गेले, की पुन्हा चार्ज करावी. कोणीही हात न लावता बॅटरी कशी उतरत जाते, हे विद्यार्थ्यांना स्वतःच्या आलेखावर दिसेल, आणि गावातील किती बॅटऱ्या वापराने नव्हे, तर ठेवण्याच्या पद्धतीने निकामी झाल्या, हा पुढचा प्रश्न ते आपणहून विचारतील.