०.१ पीपीबी: नदी, तणनाशक आणि बेडकांची गोष्ट

आजचा भाग एका आकड्याचा इतिहास आहे: ०.१ पीपीबी. ऑलिम्पिक आकाराच्या, २५ लाख लिटरच्या तलावात फक्त पाव ग्रॅम पावडर टाका, झालं इतकं प्रमाण. एवढ्याशाने काय बिघडणार? तेच बघूया.

आधी १९३० च्या दशकात जाऊ. दक्षिण आफ्रिकेत काम करणाऱ्या लॅन्सलॉट हॉगबेन या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की झेनोपस जातीच्या मादीला हॉर्मोन टोचलं की ती काही तासांत अंडी घालते. त्यावरून चक्क प्रेग्नन्सी टेस्ट तयार झाली! बाईच्या लघवीचा नमुना बेडकीला टोचायचा. अंडी दिसली की रिझल्ट पॉझिटिव्ह. पुढची दोन-तीन दशकं ही टेस्ट चालली. म्हणजे बेडकाचं शरीर हॉर्मोनच्या बाबतीत किती हळवं असतं, हे आपल्याला तेव्हापासून माहीत आहे.

१९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत अॅट्राझिन हे तणनाशक आलं. मक्याच्या शेतात फवारायचं, पाऊस आला की त्यातलं थोडं ओढ्यात आणि पुढे नदीत. १९९७ मध्ये बर्कलीचे जीवशास्त्रज्ञ टायरोन हेज यांना उत्पादक कंपनीच्याच वतीने बेडकांवर अभ्यास करायला घेतलं गेलं. २००० मध्ये ते त्यातून बाहेर पडले आणि प्रयोग स्वतः पुन्हा केले. प्राणी कोणता? तोच, झेनोपस.

२००२ मध्ये त्यांनी निकाल छापला. ०.१ पीपीबी अॅट्राझिन असलेल्या पाण्यात वाढलेल्या काही बेडकांच्या शरीरात वृषण आणि अंडाशय दोन्ही सापडले. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याची मर्यादा होती ३ पीपीबी, म्हणजे तीसपट!

मग प्रयोगशाळेबाहेर काय? त्यांच्या टीमने युटा ते आयोवा आठ ठिकाणांहून लेपर्ड फ्रॉग गोळा केले. सगळ्यात जास्त बिघाड वायोमिंगमधल्या नॉर्थ प्लॅट नदीकाठी दिसला, आणि त्या काउंटीत अॅट्राझिनची विक्री अगदी किरकोळ होती. नदीला काउंटीची हद्द कुठे कळते?

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला इथे पहिला प्रश्न पडतो: या मर्यादेचा युजर कोण धरला होता? नळाचं पाणी पिणारा माणूस. बेडूक त्या लिस्टमध्ये नव्हताच. तो तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. त्याच्या अंड्याला कवच नाही. टॅडपोल तर चोवीस तास त्याच पाण्यात.

पुढे वाद पेटला. २००७ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, कंपनीच्या खर्चाने झालेल्या अभ्यासांच्या आधारे सांगितलं, की बेडकांच्या लैंगिक वाढीवर परिणाम होत नाही. २०१० मध्ये हेज यांनी उत्तर दिलं: २.५ पीपीबीमध्ये वाढवलेल्या ४० जनुकीय नरांपैकी चार पूर्ण मादी झाले. २०१२ मध्ये सिंजेंटा कंपनीने पाणीपुरवठा संस्थांना १०.५ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं, चूक मान्य न करता.

आणि युरोप? तिथे २००४ मध्ये अॅट्राझिनला मंजुरी नाकारली गेली, पण बेडकांमुळे नाही. भूजलात कोणतंही कीडनाशक ०.१ पीपीबीच्या वर नको, हा तिथला जुना नियम. तो पाळला जाईल याची खात्री मिळाली नाही. बेडकांचा जीव वाचला असेल तर योगायोगाने!

आता आपल्याकडे या. ऊस-मक्याच्या पट्ट्यात अॅट्राझिन हे नाव शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्या यादीत तेही होतं. आणि वेळ बघा: जूनमध्ये मका पेरला की दोन-तीन दिवसांत फवारणी, आणि त्याच पहिल्या पावसात डबक्यांत बेडकांची अंडी.

शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. खुरपणीची मजुरी परवडत नाही म्हणून तो फवारतो. पण नदीचं पाणी "मर्यादेत आहे" असा रिपोर्ट वाचलात, तर एवढं विचारा: कुणासाठीची मर्यादा?

तुमच्या गावच्या ओढ्यावर यंदा डराव डराव ऐकू आलं का? मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!