सुई, थाळी आणि काळी चार



रेकॉर्डी ऐकण्याची हौस पुन्हा आली आहे. आमच्या नात्यातली तरुण मंडळी लाखालाखाच्या टर्नटेबलांची नावे सांगून "कोणता चांगला?" असे विचारतात. मी आयुष्यभर शिकवलं, त्यामुळे सरळ उत्तर न देता आधी इतिहास सांगायची खोड आहे. इथे ती उपयोगी पडेल असं वाटतं.

टर्नटेबलाचं काम ऐकायला अगदी सोपं. थाळी ठरल्या वेगाने फिरवायची आणि स्वतः गप्प बसायचं. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची एलपी आणली. जुन्या लाखेच्या तबकडीची खरखर गेली, आणि तिच्याआड लपलेली मोटरची घरघर उघडी पडली. पुढची पंचवीस वर्षं सगळी धडपड ही घरघर घालवण्याची होती.

इंग्लंडमधल्या स्विंडनच्या गॅरार्ड कंपनीने १९५४च्या सुमारास '३०१' हे मॉडेल काढलं. त्यात मोटर रबरी चाकाने जड थाळीची कड फिरवते. ताकद भरपूर, पण थरथर थाळीपर्यंत पोचायची भीती. १९६१ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी वेगळा विचार केला. थाळी आणि टोनआर्म एकाच सांगाड्यावर बसवून तो स्प्रिंगांवर तोलला, आणि मोटर बाजूला ठेवून रबरी पट्ट्याने जोडली. किंमतही बेताची. १९७० साली जपानच्या टेक्निक्सने 'एसपी-१०' आणला. त्यात मधलं चाकही नाही आणि पट्टाही नाही, मोटरचा आस तोच थाळीचा आस.

मग ग्लासगोच्या आयव्हर टिफेनब्रन यांचा 'लिन सोंडेक एलपी१२' आला, १९७२-७३च्या सुमारास. रचना व्हिल्चर यांच्याच वळणाची, पण गाजला तो टिफेनब्रन यांच्या म्हणण्यामुळे. तोवर लोक स्पीकरवर पैसे घालत, टर्नटेबल म्हणजे नुसतं फिरणारं यंत्र. हे म्हणाले, सुईने खाचेतून जे उचललंच नाही ते पुढचा कोणताही स्पीकर देऊ शकत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? यावर इंग्रजी मासिकांतून वर्षानुवर्षं वाद झाले. एक पक्ष मोजमापाचे आकडे दाखवी, दुसरा कानाची साक्ष काढी. गंमत अशी की, याच एलपी१२च्या स्प्रिंगा नीट लावल्या नाहीत तर ते महागडं यंत्रही बिघडल्यासारखं वाजतं. म्हणजे यंत्राइतकंच ते लावणंही महत्त्वाचं.

लावायचं म्हणजे काय? आधी गवंड्याच्या पाणसळीने थाळी समतल करायची. मग सुईचा भार. बहुतेक सुयांना दीड ते दोन ग्रॅम लागतो. भार कमी ठेवला म्हणजे रेकॉर्ड जपली, असा समज आहे. पण फार हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि खाचच खराब करते. तिसरा भाग भूमितीचा. मूळ तबकडी कापणारं यंत्र कडेकडून मध्याकडे सरळ रेषेत सरकतं. आपला टोनआर्म मात्र कंपाससारखा कंस काढतो. हा फरक कमीत कमी कसा करावा याचं गणित स्वीडनच्या लॉफग्रेन यांनी १९३८ साली मांडलं आणि १९४१ साली बेअरवाल्ड यांनी पुन्हा सोडवलं. आजही त्याच हिशेबाने छापलेला पुठ्ठ्याचा कोनमापक थाळीवर ठेवून सुई बसवतात.

राहिला वेग. तो चुकला तर आपल्या गाण्याचं सर्वांत मोठं नुकसान होतं, कारण स्वर सरकतो. वेग सहा टक्क्यांनी बदलला की पट्टी अर्ध्या स्वराने हलते. परदेशातल्या नातेवाइकांनी लक्षात ठेवावं: अमेरिकेत विजेची आवर्तनं सेकंदाला ६०, इथे ५०. आवर्तनांवर चालणारी मोटर इथे आणली तर थाळी एक षष्ठांशाने मंदावते. काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारच्या आसपास उतरते, आवाजही जड होतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं बाईंचा आवाज असाच होता! ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट बदलतात, आवर्तनं बदलत नाहीत. त्यासाठी मोटरची कप्पीच बदलावी लागते. तपासायला १८० रेघांची कागदी चकती पुरते. ती थाळीवर ठेवून निऑनच्या दिव्याखाली फिरवली, की ३३⅓च्या वेगाला रेघा स्थिर दिसतात. पुष्कळशा एलईडी दिव्यांखाली हे जमत नाही, कारण ते तसे लुकलुकत नाहीत.

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली. तीत आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. शास्त्रज्ञांनी सोबत सुईही दिली आणि ती कशी ठेवायची याचं चित्र कोरलं. एका फेरीला ३.६ सेकंद हा वेग हायड्रोजन अणूच्या कालमापात लिहिला, कारण तिथे आपलं घड्याळ कुणाला कळणार? कुणी अनोळखी कधी ऐकेल तर केसरबाई त्यांच्याच पट्टीत ऐकू याव्यात, यासाठी केवढी काळजी!

आपल्या कपाटातल्या रेकॉर्डींवरची माणसं बहुतेक गेलेली आहेत. यंत्र कोणतंही घ्या, पण पाणसळ, भाराचा काटा, कोनमापक आणि ती रेघांची चकती एवढं आधी घ्या. त्या माणसांचा आवाज त्यांचाच राहिला पाहिजे.