पेडलमधला स्विचचा खटका

घरी जोडलेल्या गिटार-पेडलचा पायस्विच दाबताच अ‍ॅम्प्लिफायरमधून उमटणारा 'टप्' असा आवाज. सहसा तो स्विचचा दोष नसतो.

ट्रू बायपास पद्धतीत नऊ टोकांचा ३पीडीटी स्विच इफेक्टचे सर्किट सिग्नलच्या वाटेतून पूर्ण बाजूला काढतो. तेव्हा इनपुट व आउटपुट कपॅसिटरची बाहेरची टोके अधांतरी राहतात. कपॅसिटरमधून सूक्ष्म डीसी प्रवाह गळत राहतो, टोकांवर व्होल्टेज साठते आणि पुन्हा स्विच दाबताच ते झटक्यात निघून जाते. उपाय काही रुपयांचा आहे : दोन्ही टोकांपासून ग्राउंडला १ ते २.२ मेगओहमचा एकेक रेझिस्टर. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जास्त गळतात. सिग्नलच्या वाटेत शक्य तिथे फिल्म कपॅसिटरच बरा. वीज जोडल्यावर पहिल्यांदा दाबताना आलेला आवाज मात्र मनावर घेऊ नये. कपॅसिटर तेव्हा भरत असतात.

तरीही खटका उरला तर इफेक्ट चालू असल्याचे दाखवणारा एलईडी तपासावा. तो पेटताना प्रवाह एकदम वाढून पुरवठ्याला धक्का बसतो. त्याच्या मालिकेतला रेझिस्टर वाढवावा आणि त्याची ग्राउंडची तार थेट वीज-जॅकपर्यंत वेगळी न्यावी.

ट्रू बायपासखेरीज दुसरी पद्धतही आहे : आयबानेझच्या मूळ ट्यूब स्क्रीमर पेडलमध्ये सिग्नल पायस्विचमधून जातच नाही. स्विच फ्लिप-फ्लॉप या दोन स्थितींच्या सर्किटला इशारा देतो आणि जेफेट ट्रान्झिस्टर सिग्नलची वाट बदलतात.