गतहिंसाचाराची चौकशी व आप्तसाहाय्य (उत्तर आयर्लंड)

गतकाळी घडलेल्या राजकीय हिंसाचाराचा तपास, फेरतपास किंवा न्यायालयीन चौकशी चालू असताना, त्या हिंसाचारात मारल्या गेलेल्यांचे आप्त आणि जखमी होऊनही हयात राहिलेली माणसे यांना कायद्याच्या, मनोव्यथेच्या व नित्यव्यवहाराच्या बाबतींत पाठबळ देणारी व्यवस्था. तिच्या गुणदोषांचा विचार करण्यास उत्तर आयर्लंडइतका विपुल दाखला क्वचितच मिळतो, म्हणून प्रस्तुत नोंद त्या प्रदेशापुरतीच ठेवली आहे. मराठीत अशा आप्तांना ‘शोकाकुल’ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु वर्तमानपत्रातील निधनवार्तेच्या चौकटीत शोभणारा हा शब्द, ज्यांचा शोक पन्नास-पन्नास वर्षे सरकारी दप्तरांत अडकून पडला त्यांच्या बाबतीत तोकडा पडतो.

१९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून १० एप्रिल १९९८ च्या बेलफास्ट करारापर्यंत, ब्रिटनशी जोडलेले राहू इच्छिणारे बहुशः प्रॉटेस्टंट युनियनवादी आणि अखंड आयर्लंडची आकांक्षा धरणारे बहुशः कॅथलिक राष्ट्रवादी यांच्या संघर्षात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यू प्रजासत्ताकवादी सशस्त्र संघटनांच्या हातून, सुमारे दहावा हिस्सा लष्कर व पोलीस यांच्या हातून आणि उरलेले बहुतेक ब्रिटननिष्ठ सशस्त्र टोळ्यांच्या हातून झाले. पंधरा-सतरा लाख वस्तीच्या या चिमुकल्या प्रदेशात मारेकरी आणि मृताची विधवा एकाच बाजारात भाजी घेताना समोरासमोर येणे अशक्य नव्हते. आणि जेथे तपास करणाऱ्या सत्तेवरच काही हत्यांचा आरोप होता, तेथे चौकशीचे कागद घेऊन दारी आलेल्या अधिकाऱ्याला घरात घ्यावे की नाही, हाच पहिला प्रश्न असे. करारान्वये संघटनांच्या कैद्यांची सुटका दोन वर्षांत व्हावयाची होती. मृतांच्या आप्तांसाठी सहानुभूतीचे परिच्छेद होते, तपासाची यंत्रणा मात्र नव्हती.

साहाय्याची गरज मृत्यूमुळे उत्पन्न होते, हे खरे असले तरी अपुरे आहे. पुष्कळ घरांत ती पहिल्या चौकशीने उत्पन्न केली. १९७० ते १९७३ या काळात सैनिकांच्या गोळीने कोणी मेल्यास त्या सैनिकाची जबानी नागरी पोलिसांनी नव्हे, तर लष्कराच्याच पोलिसांनी घ्यावी अशी तजवीज होती. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरी येथे (या शहराला कोणी लंडनडेरी म्हणतात, आणि नाव उच्चारताच बोलणाऱ्याची बाजू कळते) नागरी हक्कांच्या मोर्च्यावर पॅराशूट पलटणीने केलेल्या गोळीबारात १३ जण ठार झाले व पुढे आणखी एक दगावला. सरन्यायाधीश लॉर्ड विजरी यांनी अवघ्या अकरा आठवड्यांत दिलेल्या अहवालाने लष्करावरील ठपका बव्हंशी पुसून टाकला आणि मृतांपैकी काहींनी शस्त्रे वा बाँब हाताळल्याचा संशय कायम ठेवला. अशा रीतीने घरचा मुलगा गेला तो गेलाच, वर सरकारी मोहोरेनिशी तो गुन्हेगारही ठरला. त्यानंतर आप्तांनी जे जे मागितले ते भरपाईपेक्षा हा मजकूर खोडून मिळावा यासाठी होते.

लॉर्ड सॅव्हिल यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या चौकशीची घोषणा जानेवारी १९९८ मध्ये झाली आणि तिचा अहवाल १५ जून २०१० रोजी प्रसिद्ध झाला. बारा वर्षे, नऊशेंहून अधिक साक्षीदारांच्या तोंडी जबान्या आणि एकोणीस कोटी पौंडांच्या घरातील खर्च यांवरून या चौकशीला नावे ठेवणारे अद्याप आहेत. त्यांच्याशी वाद न घालता एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. अहवाल लोकांपुढे येण्यापूर्वी काही तास आप्तांना डेरीच्या गिल्डहॉलमध्ये, भ्रमणध्वनी बाहेर ठेवावयास लावून, तो वाचावयास देण्यात आला. ज्या वाक्याची अडतीस वर्षे वाट पाहिली ते एकट्याने, दूरचित्रवाणीसमोर किंवा वार्ताहराच्या तोंडून ऐकण्याऐवजी, वकील शेजारी असताना आणि त्याच दुःखाच्या इतर घरांतील माणसांच्या सोबतीने कागदावर पाहता आले, हे उशिराने का होईना सुचलेले शहाणपण होय. त्या दुपारी प्रधानमंत्री डेव्हिड कॅमेरन यांनी गोळीबार समर्थनीय नव्हता असे संसदेत सांगून क्षमा मागितली, गिल्डहॉलच्या चौकात मृतांची नावे एकेक करून निर्दोष म्हणून उच्चारली गेली, आणि विजरी अहवालाची एक प्रत सर्वांदेखत फाडण्यात आली. फौजदारी खटला मात्र एकाच माजी सैनिकावर उभा राहिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो निर्दोष सुटला.

आप्त हा चौकशीतील केवळ साक्षीदार नसून हक्कदार पक्ष आहे, या विचाराला कायद्याचे अधिष्ठान स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ४ मे २००१ च्या निवाड्यांनी दिले. जीविताच्या हक्कातूनच मृत्यूच्या तपासाचे कर्तव्य निघते. तो तपास स्वतंत्र, परिणामकारक व तत्पर असावा, लोकांच्या नजरेखाली चालावा आणि मृताच्या निकटच्या नातलगांना, त्यांच्या न्याय्य हितसंबंधांच्या रक्षणास आवश्यक तितका, त्यात सहभाग असावा, असे न्यायालयाने सांगितले. ‘आवश्यक तितका’ या दोन शब्दांच्या मापावरून पुढील पाव शतक भांडण चालले आहे.

या निवाड्यांच्या सावलीत २००५ साली पोलीस दलाच्या अखत्यारीत ऐतिहासिक चौकशी पथक स्थापन झाले व १९६८ पासूनच्या तीन हजारांहून अधिक मृत्यूंचे कागद पुन्हा चाळण्याचे काम त्याच्याकडे आले. प्रत्येक घराला एक अहवाल द्यावा, त्यात त्या घराने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे असावीत, ही पथकाची कल्पना स्तुत्य होती. अनेकांना आपल्या माणसाला कोठे, कोणत्या वेळी, कोणत्या शस्त्राने मारले हे प्रथमच कळले. पण लष्कराच्या हातून झालेले मृत्यू पथक कमी कसोशीने तपासते, असा निष्कर्ष पोलीस दलांचे परीक्षण करणाऱ्या सरकारी यंत्रणेने २०१३ मध्ये काढला आणि पुढल्या वर्षाअखेर पथक बंद झाले. मृत्युचौकशी करणारे कॉरोनरचे न्यायालय (मुंबई शहरालाही हे पद विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत परिचित होते) हा दुसरा मार्ग. १९७१ च्या ऑगस्टमध्ये बेलफास्टच्या बॅलीमर्फी भागात मारल्या गेलेल्या दहा जणांविषयी, ज्यांत एक धर्मगुरू आणि आठ मुलांची एक आई होती, न्यायमूर्ती कीगन यांनी मे २०२१ मध्ये ते सर्वस्वी निर्दोष असल्याचा निर्णय दिला; म्हणजे येथेही एका वाक्यासाठी पन्नास वर्षे गेली.

प्रत्यक्ष साहाय्याचे काम सरकारी यंत्रणेपूर्वी आप्तांनीच उभे केले. ‘वेव्ह’ ही संस्था १९९१ मध्ये काही विधवांनी एकत्र येऊन काढली व पुढे ती सर्व पंथांच्या पीडितांना खुली झाली. ‘रिलेटिव्हज फॉर जस्टिस’ त्याच वर्षीची. फरमॅना परगण्याच्या सीमाभागातील ‘सेफ’ ही संस्था मुख्यतः दहशतवाद्यांनी मारलेल्या पोलीस, सैनिक व शेतकऱ्यांच्या घरांशी जोडलेली. एका संस्थेच्या उंबरठ्यावर दुसऱ्या बाजूचा माणूस सहसा चढत नाही, आणि यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही, कारण विश्वास ही वस्तू सरकारी फर्मानाने निर्माण होत नसते. या संस्थांचे कार्यकर्ते जे करतात ते वर्णन करावयास फार साधे आहे: अधिकाऱ्यांशी होणाऱ्या भेटीत शेजारी बसणे; काळ्या शाईने झाकलेल्या ओळींच्या जागी काय असू शकेल आणि काय नसेल हे सांगणे; शवविच्छेदनाचे वर्णन कोणत्या पानावर आहे याची आगाऊ कल्पना देणे; पुण्यतिथीच्या आठवड्यात पत्र टपालात पडू नये हे पाहणे; आणि अहवाल वाचून झाल्यावर, सर्वजण निघून गेल्यानंतरच्या संध्याकाळी, पुन्हा एकदा दार ठोठावणे. घर म्हणजे एक मन नव्हे, हेही त्यांना अनुभवाने कळलेले असते. बहिणीला सर्व काही जाणून घ्यावयाचे असते व भावाला एक अक्षरही ऐकवत नाही. अशा वेळी ‘कुटुंबाची इच्छा’ असा रकाना भरून घेणारा कारकून नकळत त्या घरात भांडण पेरून जातो.

‘पीडित’ कोणास म्हणावे, हा वाद कधीच मिटला नाही. २००६ च्या शासकीय आदेशाने मारले गेलेल्यांचे आप्त, शरीराने वा मनाने जायबंदी झालेले आणि त्यांची नित्य शुश्रूषा करणारे, अशा तिघांचा त्यात समावेश केला. मृत हातात शस्त्र घेतलेला होता की नव्हता, असा भेद केला नाही. २००९ च्या जानेवारीत गतहिंसाचाराविषयीच्या, ईम्स व ब्रॅडली यांच्या सल्लागार मंडळाने प्रत्येक मृताच्या घराला १२,००० पौंड द्यावेत अशी शिफारस करताच, बेलफास्टच्या ज्या हॉटेलात अहवाल जाहीर झाला तेथेच दोन्हीकडचे आप्त एकमेकांवर ओरडले आणि ती शिफारस बारगळली. मारेकऱ्याच्या आईचेही अश्रू खरे असतात, हे मान्य करूनही तिच्याच रांगेत उभे राहण्याची सक्ती दुसऱ्या आईवर करता येत नाही. मंडळाचा हेतू उदात्त होता, हिशेब चुकला.

१५ ऑगस्ट १९९८ च्या ओमा येथील स्फोटात २९ माणसे आणि एका मातेच्या उदरातील जुळी बालके गेली. त्याविषयीच्या चौकशीने २०२५ च्या आरंभी, पुराव्याला हात घालण्याआधी, केवळ स्मरणाच्या बैठका घेतल्या. मृताला कोणते गाणे आवडे, तो कोणत्या संघाचा चाहता होता, हे आप्तांनी सांगावे आणि न्यायाधीशांनी ऐकावे, एवढेच त्या दिवसांचे कामकाज होते. कायद्याच्या दृष्टीने त्यातून काहीच सिद्ध होत नाही. परंतु एरवी प्रकरण क्रमांकाखाली वावरणाऱ्या माणसाला चौकशीच्या दप्तरात प्रथम माणूस म्हणून दाखल करून घेण्याची ही रीत अनुकरणीय वाटते.

याच्या अगदी उलट दिशेने गतहिंसाचाराच्या वारशाविषयीचा २०२३ चा ब्रिटिश कायदा गेला. सहकार्य करणाऱ्या आरोपींना सशर्त अभय आणि १ मे २०२४ पासून अपूर्ण मृत्युचौकशांना पूर्णविराम, या त्यातील तरतुदींना उत्तर आयर्लंडातील सर्व प्रमुख पक्षांनी, एरवी ज्यांचे हवामानावरही एकमत होणार नाही त्यांनी, एकमुखाने विरोध केला. अभयाची तरतूद मानवी हक्कांशी विसंगत असल्याचा निर्णय बेलफास्टच्या उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. त्या कायद्यान्वये नेमलेल्या आयोगाकडे आप्तांना अर्ज करता येतो व अंतिम होण्यापूर्वी अहवालाचा मसुदा पाहता येतो. तथापि अनेक घरांनी त्याच्याकडे पाठ फिरविली. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटन व आयर्लंड यांच्या सरकारांनी त्याच्या पुनर्रचनेचा संयुक्त आराखडा मांडला.

सशस्त्र संघटनांनी मारून गुप्तपणे पुरलेल्या ‘बेपत्ता’ माणसांसाठी १९९९ पासून दोन्ही देशांचा एक निराळा आयोग आहे. त्याला मिळालेली माहिती फौजदारी खटल्यात वापरता येत नाही. न्यायाचा हक्क बाजूला ठेवून अस्थी मागण्याचा हा सौदा आप्तांनी डोळे उघडे ठेवून स्वीकारला. आजवर १३ जणांचे अवशेष मिळाले. दहा मुलांच्या एका विधवा आईचे अवशेष २००३ मध्ये लाउथ परगण्याच्या किनाऱ्यावर सापडले, तेही खोदकामात नव्हे तर फिरावयास गेलेल्या माणसांना. मोनाघन परगण्यातील ब्रॅगनच्या दलदलीत १९७५ पासून नाहीशा झालेल्या एका तरुणासाठी १९९९ पासून वारंवार खोदकाम झाले. त्याची आई २००७ मध्ये वारली, आणि त्यानंतरही भावंडे प्रत्येक हंगामात यंत्रांच्या आवाजापासून थोड्या अंतरावर, ओल्या पीटच्या ढिगाऱ्यांकडे पाहत उभी राहिलेली आहेत.