दाढदुखीतील स्थानिक भूल

किडीमुळे आतल्या मज्जेला सूज येऊन ठणकणारी दाढ, रूट कॅनालपूर्वी किंवा ती काढण्यापूर्वी, बधिर करण्याच्या पद्धती. वरच्या दाढांचे सोपे असते. तिथले हाड पातळ असल्याने मुळाजवळ हिरडीत दिलेली सुई बहुधा पुरते. खालच्या दाढांभोवतीच्या जाड हाडातून औषध नीट झिरपत नाही. म्हणून जबड्याच्या मागच्या भागात, नस हाडात शिरते तिथेच तिला गाठतात. हा ‘ब्लॉक’ १८८४ साली न्यूयॉर्कमध्ये हॉलस्टेड व हॉल यांनी कोकेन वापरून केला. आज भारतात यासाठी बहुधा दोन टक्के लिग्नोकेन, त्यात १:८०,००० अॅड्रेनलिन, असे मिश्रण असते.

शाहूपुरीतल्या दवाखान्यात दोन रात्री गोळ्यांवर काढून आलेला माणूस सुईनंतर ‘ओठ जड झाला’ म्हणतो, आणि ड्रिल दाढेला लागताच खुर्चीतून उसळतो. ओठाचा बधिरपणा नस पकडल्याची खूण असते. मज्जा बधिर झाल्याची हमी नव्हे. मज्जा थंड फवारा मारलेल्या बोळ्याने तपासावी लागते. सुजलेल्या ऊती आम्लधर्मी होऊन औषध निष्प्रभ होते, हे नेहमीचे स्पष्टीकरण अपुरे आहे, कारण ब्लॉकची सुई सुजेपासून बरीच दूर पडते. दाहामुळे वेदनातंतूंत लिग्नोकेनला सहसा न जुमानणाऱ्या सोडियम वाहिन्या वाढतात, हे कारण अधिक पटते.

साध्या ब्लॉकला पर्याय असलेल्या गो-गेट्स (१९७३) पद्धतीत सुई अधिक वर पडते. वझिराणी (१९६०) व अकिनोसी (१९७७) यांच्या नावाची पद्धत तोंड मिटलेले ठेवून करतात. जबडा उघडत नसेल तर तिचा खरा उपयोग. सुजलेल्या दाढेपुरते मात्र या दोन्हींचे पारडे साध्या ब्लॉकपेक्षा ठामपणे जड ठरलेले नाही.

फरक पडतो तो जोडसुईने. ब्लॉकनंतर गालाच्या बाजूने चार टक्के आर्टिकेन देणे सर्वांत सोयीचे. दाढ व हाड यांमधल्या फटीत दाबाने दिलेली सुई लवकर लागू पडते, पण तिचा असर फार टिकत नाही. हाडाला छिद्र पाडून थेट आत दिलेले औषध सर्वांत भरवशाचे, मात्र अॅड्रेनलिनमुळे काही मिनिटे छाती धडधडते. मज्जेतच दिलेली सुई शेवटचा उपाय: कळ जीवघेणी, गुण तत्काळ.

तासभर आधी घेतलेल्या आयबुप्रोफेनने ब्लॉकचे यश वाढते. पित्त, दमा, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण असल्यास विचारल्याशिवाय ते घेऊ नये. हृदयविकार व चालू औषधे डॉक्टरांना सुईआधीच सांगावीत, आणि काम सुरू झाल्यावर दुखले तर सोसत न बसता हात वर करावा.