तटाच्या आतली वसई, तटाबाहेरची वसई

वसईचा किल्ला पाहावयास परदेशी पाहुणे येतात, तेव्हा आपल्या धर्मग्रामांतील एखादा जाणता माणूस त्यांच्यासोबत जातो. संत जोसेफच्या महामंदिराचा उंच मनोरा, फ्रान्सिस्कन मठातील पोर्तुगीज भाषेतील थडगी, येशूसंघीयांच्या मंदिराची कोरीव दर्शनी भिंत एवढे दाखवून झाले की वसई दाखवून झाली, असे आपण समजतो. पण खरी वसई एवढीच काय?

पाहुण्यांनी वसई पाहून जाण्याची परंपरा जुनी आहे. 1534 साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली आणि पुढील दोनशे वर्षांत येथे एक वैभवशाली नगर उभे राहिले. 1675 साली जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य येथे आला. सरदारांचे दुमजली वाडे, सज्जे आणि शिंपल्यांची तावदाने लावलेल्या मोठाल्या खिडक्या यांचे त्याने कौतुकाने वर्णन केले आहे. त्यानंतर वीस वर्षांनी, 1695 साली, जेमेल्ली करेरी हा इटालियन प्रवासी आला. त्याला अपुरे राहिलेले बुरूज दिसले आणि साथीच्या रोगाने उत्तरेकडील भाग ओस पडल्याचेही दिसले. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. 1825 साली कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप रेजिनाल्ड हेबर येथे आले, तेव्हा त्यांच्या दृष्टीस पडली ती ओसाड घरे आणि छप्पर नसलेली मंदिरे. दीडशे वर्षांत तीन पाहुणे आले आणि तिघांनी तीन वसया पाहिल्या.

यांपैकी करेरीचे आपल्यावर विशेष ऋण आहे. तो तटाबाहेर पडला. कसब्याच्या बाजूला पंधरा मैल पसरलेल्या बागा त्याने पाहिल्या. माड, आंबे आणि मुबलक ऊस पाहिला. या बागा आसपासच्या गावांतील मुसलमान, हिंदू आणि ख्रिस्ती शेतकरी कसतात आणि यंत्रांनी पाणी उपसून त्या बारमाही हिरव्या ठेवतात, असे त्याने लिहून ठेवले. ती यंत्रे म्हणजे आपले रहाटच असावेत. उन्हाळ्यात याच गारव्याला नगरातील धनिक राहावयास येत. ज्यांनी तो गारवा निर्माण केला ते आपले पूर्वज होते. इतिहासाने त्यांची नावे जपली नाहीत. एका परदेशी पाहुण्याने त्यांचे काम मात्र टिपून ठेवले.

1739 नंतर तटाच्या आतले राज्य गेले, सरदार गेले, मठ ओस पडले. मंदिरांतील घंटा मराठी सैन्याने नेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकरला आणि वाईजवळ मेणवलीला त्या आजही पाहावयास मिळतात. तटाबाहेरचा ख्रिस्ती शेतकरी मात्र कोठेही गेला नाही. तो वाडीतच राहिला. त्याने केळी आणि पानवेली लावल्या, सुकेळी वाळवली, आपल्या बोलीत प्रार्थना केली आणि आपली श्रद्धा मुलांच्या हाती दिली. नगर मोडले तरी ख्रिस्तसभा मोडली नाही, ती या वाड्यांमुळे.

म्हणून पाहुण्यांना किल्ला दाखवावा आणि तो प्रामाणिकपणे दाखवावा. पोर्तुगीज अमदानीत हिंदूंची देवळे पाडली गेली हे लपवू नये आणि आपल्या मंदिरांच्या घंटा गेल्या हेही सांगावे. याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानमधील नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर हुतात्मा झाले आणि 1862 साली संतपदाला पोहोचले, हे तर आवर्जून सांगावे. परदेशी माणसे येथे येतात, तसा येथला एक माणूस परदेशी जाऊन आपले प्राण ठेवून आला, हे ऐकून पाहुणाही क्षणभर थांबतो.

आणि मग त्याला तटाबाहेर न्यावे. निर्मळ, भुईगाव, नंदाखालच्या वाटेने न्यावे. विहिरीच्या थारोळ्याशी उभे करावे, लाल लुगडे नेसलेल्या एखाद्या आजीशी दोन शब्द बोलू द्यावेत. मात्र यात त्वरा हवी. 2009 साली वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. तिच्या आधीपासूनच इमारती वाड्यांच्या कुंपणाशी येऊन ठेपल्या होत्या. रहाट कधीच थांबले. किल्ल्याच्या दगडांना पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे, वाडीला कोणाचे आहे? ते संरक्षण आपणच देऊ शकतो. वाडी विकावयास काढण्यापूर्वी दहादा विचार करूनच.

उद्या एखादा पाहुणा करेरीचे पुस्तक हाती घेऊन येईल आणि त्या हिरव्या बागा कोठे आहेत, असे विचारील. त्या वेळी आपल्या नातवंडांना नुसते बोट दाखवून उत्तर देता यावे, एवढी तजवीज आपण आजच करून ठेवावयास हवी.