प्रवक्त्याची बदनामी आणि सिद्धान्ताची कसोटी : महाराज अब्रुनुकसानी खटल्याच्या (१८६२) आधारे एक चिकित्सा

प्रस्तावना

अजिंठा लेण्यांकडे जाणारा प्रवासी सोयगाव तालुक्यातील फर्दापूरच्या टी-पॉइंटवरून पुढे जातो. लेण्यांच्या पायथ्याशी असल्यामुळे हे गाव पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासकांच्या वाटेवर राहिले आहे. पश्चिम भारतातील लेण्यांच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत दोन नावे विशेष महत्त्वाची आहेत. पहिले नाव स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांचे. १८४८ च्या लेणी-आयोगाचे कार्य त्यांच्या नेतृत्वाखाली झाले आणि लेण्यांवरील त्यांचा विस्तृत निबंध १८५० मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरे नाव डॉ. भाऊ दाजी लाड यांचे. अजिंठ्यातील शिलालेखांचे त्यांनी केलेले वाचन १८६३ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे आले. त्याच्या आदल्याच वर्षी हे दोन्ही विद्वान मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टात साक्षीदार म्हणून उभे राहिले होते. तो खटला एका धर्मगुरूच्या अब्रूचा होता.

याच जिल्ह्याच्या मुख्यालयी, तत्कालीन औरंगाबाद येथे, जानेवारी २०१८ मध्ये झालेल्या वैदिक संमेलनाच्या निमित्ताने तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा उत्क्रांतिवाद शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे विधान केले. या विधानामुळे सृष्टीची उत्पत्ती आणि मानवाचा उगम यांविषयीच्या धार्मिक धारणांची चर्चा देशभर झाली. अशा चर्चेत प्रतिपादनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष प्रतिपादन करणाऱ्या व्यक्तीकडे जाते. ती व्यक्ती पुढे कायद्याच्या कचाट्यात सापडली, तर तिच्या सहश्रद्धांची विश्वासार्हता कमी होते काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार महाराज अब्रुनुकसानी खटल्याच्या आधारे केला आहे.

खटल्याची पार्श्वभूमी

वल्लभाचार्यांनी स्थापन केलेल्या पुष्टिमार्गात आचार्यपद वंशपरंपरेने चालत आले. मुंबईतील भाटिया व वाणिया समाजांत या आचार्यांना, म्हणजे ‘महाराजां’ना, साक्षात श्रीकृष्णस्वरूप मानण्याची प्रथा होती. तन, मन आणि धन गुरूच्या द्वारे ईश्वरास समर्पित करण्याचा संस्कारही होता. ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्राचे संपादक करसनदास मुळजी स्वतः वैष्णव कुटुंबातील होते. दिनांक २१ ऑक्टोबर १८६० रोजी त्यांनी हिंदूंचा मूळ धर्म आणि सद्यःकालीन पाखंडी मते या विषयावर लेख प्रसिद्ध केला. त्यात महाराजांच्या व्यभिचारावर उघड आरोप होते आणि सुरतेचे जदुनाथजी ब्रिजरतनजी महाराज यांचा नामनिर्देशही होता.

जदुनाथजींनी मे १८६१ मध्ये करसनदास व मुद्रक नानाभाई रुस्तमजी राणीना यांच्याविरुद्ध पन्नास हजार रुपयांचा दावा लावला. मुख्य सुनावणी होण्यापूर्वीच भाटिया समाजातील काही प्रमुखांनी सभा भरवून महाराजांविरुद्ध कोणीही साक्ष देऊ नये असा निर्बंध घालण्याचा प्रयत्न केला. करसनदासांनी त्याविरुद्ध कटाची फिर्याद केली आणि डिसेंबर १८६१ मध्ये आरोपींना दंड झाला. मुख्य खटला २५ जानेवारी १८६२ रोजी सरन्यायाधीश सर मॅथ्यू सॉसे आणि सर जोसेफ आर्नोल्ड यांच्यापुढे सुरू झाला. निकाल २२ एप्रिल रोजी लागला. आरोप सत्य असल्याचा करसनदासांचा बचाव न्यायालयाने मान्य केला आणि खर्चापोटी त्यांना ११,५०० रुपये मंजूर केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाची जागा उच्च न्यायालयाने घेतली. त्यामुळे जुन्या न्यायालयाच्या अखेरच्या काळातील हा सर्वांत गाजलेला खटला ठरला.

न्यायालयाने काय ठरविले?

या खटल्यात दोन भिन्न प्रश्न एकमेकांत गुंतले होते. जदुनाथजींचे वर्तन कसे होते, हा पहिला प्रश्न. पुष्टिमार्ग हा खरा धर्म की अर्वाचीन पाखंड, हा दुसरा. करसनदासांच्या लेखात दोहोंचीही उत्तरे होती. साक्षीपुराव्यातही दोन्ही प्रवाह दिसतात. भाऊ दाजींची साक्ष वैद्याची होती. महाराजांना झालेल्या विकारांविषयी त्यांनी जे स्वतः पाहिले होते, तेवढेच ते सांगू शकत होते. विल्सन यांची साक्ष संस्कृत ग्रंथांच्या अभ्यासकाची होती आणि ती संप्रदायाच्या सिद्धान्तांविषयी होती.

न्या. आर्नोल्ड यांनी या गुंतागुंतीतून जी वाट काढली ती आजही विचारार्ह आहे. न्यायालयापुढील प्रश्न धर्मशास्त्राचा नसून नीतीचा आहे आणि जे नीतीने अनुचित ते धर्मशास्त्राने उचित ठरू शकत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. म्हणजेच न्यायालयाने वर्तनाचा निवाडा केला. शुद्धाद्वैत तत्त्वज्ञान खरे की खोटे, हा प्रश्न त्या निवाड्याने सुटला नाही, आणि सुटण्याचा प्रश्नही नव्हता. त्यानंतरच्या दीड शतकाहून अधिक काळ पुष्टिमार्ग टिकून राहिला, यावरूनही अनुयायांनी हा भेद आपापल्या परीने केला असावा असे दिसते. अर्थात संप्रदायाचे टिकणे हा त्याच्या सत्यतेचा पुरावा होत नाही, हेही तितकेच खरे.

सहश्रद्धांची विश्वासार्हता

अनुयायांची विश्वासार्हता या खटल्यात खरोखर कोठे कसाला लागली, हे पाहिले म्हणजे मूळ प्रश्नाचे उत्तर स्पष्ट होऊ लागते. एका बाजूस साक्षीदारांची तोंडे बंद करू पाहणारे भाटिया प्रमुख होते. दुसऱ्या बाजूस मथुरादास लवजी, लखमीदास खिमजी यांच्यासारखे त्याच समाजात वाढलेले, बहिष्काराची भीती असूनही साक्षीस उभे राहिलेले गृहस्थ होते. दोन्ही गट एकाच परंपरेतील होते. पहिल्या गटाची प्रतिष्ठा महाराजांच्या कृत्यामुळे गेली नाही; ती त्यांच्या स्वतःच्या कृत्यामुळे गेली. दुसऱ्या गटास महाराजांच्या बदनामीचा कलंक लागण्याचे कारणच नव्हते. गुरूचे पाप शिष्याच्या माथी आपोआप बसत नाही. ते झाकण्यासाठी शिष्य पुढे सरसावला, म्हणजे तो त्या पापाचा भागीदार होतो.

मिशनरी वर्तुळांत मात्र हा भेद फारसा पाळला गेला नाही. एका महाराजाच्या वर्तनावरून संपूर्ण हिंदू धर्माविषयी अनुमाने काढली गेली. या अनुमानातील दोष विल्सन यांच्याच मिशनच्या इतिहासावरून दाखविता येतो. १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी या पारशी तरुणाच्या धर्मांतरावरून विल्सन यांना न्यायालयात यावे लागले. मुलास आपली वाट निवडण्याची मोकळीक आहे, असा निर्णय झाला. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या अल्पवयीन ब्राह्मण मुलाच्या प्रकरणात मात्र निकाल मिशनच्या विरुद्ध गेला आणि मुलगा वडिलांच्या स्वाधीन करण्यात आला. न्यायालयातील जयापजयावरून धर्ममताची पारख करावयाची, तर ख्रिस्ती धर्म १८३९ मध्ये खरा आणि १८४३ मध्ये खोटा ठरला असे म्हणावे लागेल. असा निष्कर्ष कोणत्याही पक्षास मान्य होणार नाही.

सृष्टिनिर्मितिवाद : एक समांतर उदाहरण

बायबलमधील सृष्ट्युत्पत्तीची कथा शब्दशः सत्य मानणारा सृष्टिनिर्मितिवाद अमेरिकेत प्रबळ आहे. त्याचे एक लोकप्रिय प्रवक्ते केंट होविंद यांना फ्लोरिडातील न्यायालयाने नोव्हेंबर २००६ मध्ये कर व बँक-व्यवहारविषयक ५८ आरोपांत दोषी ठरविले आणि जानेवारी २००७ मध्ये दहा वर्षांची शिक्षा सुनावली. २०१५ मध्ये त्यांची तुरुंगातून सुटका झाली. या शिक्षेमुळे पृथ्वीच्या वयाविषयीचा त्यांचा दावा खोटा ठरला काय? तो दावा खोटा आहे, पण त्याचे कारण तुरुंगात सापडत नाही. ते खडकांत सापडते. अजिंठ्याची लेणी ज्या बेसाल्टमध्ये कोरली आहेत, तो दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. आर्चबिशप अशर यांनी बायबलच्या आधारे काढलेला सृष्टीचा प्रारंभ इ. स. पू. ४००४ चा होता. होविंद यांनी सर्व कर वेळेवर भरला असता, तरी हे अंतर एका वर्षानेही कमी झाले नसते.

येथे आणखी एक बाब लक्षात घ्यावयास हवी. होविंद यांच्या काही युक्तिवादांवर सृष्टिनिर्मितिवाद्यांपैकीच काहींनी २००२ मध्ये, म्हणजे शिक्षेच्या कितीतरी आधी, जाहीर टीका केली होती. सहश्रद्धांचा समूह एकजिनसी नसतो. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ते ईश्वराला सृष्टीचा कर्ता मानणारे धर्मोपदेशक होते. तरीही रॉबर्ट हंटर यांच्यासमवेत त्यांनी नागपूर परिसरातील खडकांचा व जीवाश्मांचा अभ्यास केला आणि तो निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांचे निरीक्षण तपासताना अभ्यासक जीवाश्म पाहतात; त्यांची प्रार्थना पाहत नाहीत.

प्रतिष्ठेचा आणि बदनामीचा समान न्याय

बदनामीने सिद्धान्त खोडला जात नसेल, तर प्रतिष्ठेने तो सिद्धही होत नाही. सत्यपाल सिंह हे मंत्री होते आणि त्यापूर्वी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. देशातील तीन विज्ञान अकादमींनी त्यांच्या विधानाला संयुक्त निवेदनाद्वारे उत्तर दिले. त्या उत्तराचा भर उत्क्रांतीच्या पुराव्यावर होता. तेव्हाचे मनुष्यबळ विकासमंत्री प्रकाश जावडेकर यांनीही अशी विधाने टाळण्याचा सल्ला दिला. पदाची उंची पुराव्याच्या जागी ठेवता येत नाही, हाच यातील बोध होय.

भाऊ दाजींच्या चरित्रातही या तत्त्वाची प्रचीती येते. १८६५ च्या शेअर-सट्ट्याच्या कोसळण्यात त्यांचे मोठे आर्थिक नुकसान झाले. त्यामुळे अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील वाकाटक लेखाचे त्यांचे वाचन कोणी बाद ठरविले नाही. ते वाचन पुढे दुरुस्त झाले, हे खरे. भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांनी आणि विसाव्या शतकात वा. वि. मिराशी यांनी सुधारित पाठ दिले. परंतु ही दुरुस्ती दगडावरील अक्षरे पुन्हा पाहून झाली.

अपवाद आणि मर्यादा

तथापि प्रवक्त्याचे वर्तन सर्वस्वी अप्रस्तुत असते, असेही म्हणता येत नाही. दोन परिस्थितींत ते प्रस्तुत ठरते. एखादा दावा केवळ त्या व्यक्तीच्या शब्दावर उभा असेल, तर तिचा खोटेपणा त्या दाव्याच्या मुळावर येतो. दुसरे असे की, शिकवणच गैरवर्तनास वाव देत असेल, तर वर्तनाची चौकशी शिकवणीपर्यंत पोहोचते. गुरूस ईश्वरस्वरूप मानून सर्वस्व अर्पण करण्याच्या प्रथेस १८६२ च्या खटल्याने जो धक्का दिला तो याच कारणाने. महाराजांचे पावित्र्य हाच ज्या अधिकाराचा आधार होता, तो अधिकार त्या निकालाने डळमळीत झाला. वल्लभाचार्यांचे ईश्वरविषयक चिंतन मात्र त्या आधारावर उभे नव्हते.

समारोप

जून २०२४ मध्ये या खटल्यावर आधारित ‘महाराज’ या चित्रपटाविरुद्ध पुष्टिमार्गीय अनुयायांनी गुजरात उच्च न्यायालयात दाद मागितली. आपल्या श्रद्धेची यामुळे बदनामी होईल, अशी त्यांची भीती होती. न्यायालयाने प्रारंभी प्रदर्शनास अंतरिम स्थगिती दिली. चित्रपट प्रत्यक्ष पाहिल्यानंतर त्यात संप्रदायाच्या भावना दुखावणारे काही नसल्याचे नमूद करून २१ जून रोजी ती उठविली. १६२ वर्षांनंतरही एका व्यक्तीच्या दोषाला संपूर्ण संप्रदायाचा दोष मानण्याची चूक जिवंत आहे, हे यावरून दिसते. ही चूक टीकाकार करतात तशीच अनुयायीही करतात. टीकाकार तिच्या आधारे सिद्धान्त फेटाळतात, अनुयायी तिच्या भीतीने दोषी व्यक्तीस पाठीशी घालतात. दोघांच्याही हातून मूळ प्रश्न निसटतो.

व्यक्तीच्या अपराधाचा निवाडा न्यायालयात व्हावा आणि सिद्धान्ताचा निवाडा पुराव्याने व्हावा. अनुयायांची पारख मात्र त्या दोन्ही निवाड्यांना ते कसे सामोरे जातात, यावरून करावी. मथुरादास लवजी आणि लखमीदास खिमजी साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले तेव्हा त्यांच्या समाजाची अब्रू धुळीस मिळाली, असे अनेकांना वाटले होते. इतिहासाने ती अब्रू त्यांच्याच नावे जमा केली आहे.